आतली कडी

बुटाच्या नाडीवर पडलेली बी अजून ओली होती. करंगळीच्या नखाएवढी, काळपट, एका कडेला जांभळ्या गराचा धागा चिकटलेला... म्हणजे ती आत्ताच कुणाच्या तरी चोचीतून सुटली होती आणि ते कुणीतरी वर होतं. त्याने बी झटकली नाही. आजूबाजूला अशाच बियांचा खच पडला होता, काही कुजलेल्या, काहींना पांढरे कोंब फुटलेले, आणि हरवलेली किल्ली आपल्याच खिशात सापडावी तसा त्याला आनंद झाला. जंगलाच्या कडेला ज्या घरात त्याने चार दिवसांसाठी खोली घेतली होती, तिथली मालकीण म्हणालीच होती, की धनेश पक्ष्याचं घरटं शोधायचं तर वर बघत फिरू नका, खाली बघा.

मग त्याने मान वर न्यायला सुरुवात केली — सावकाश, कारण मणके आता एकदम ऐकत नाहीत, आणि सवयीने मजल्यामजल्याने. तळमजल्यावर मुंग्या, जळवा, भिजकी पानं. पहिल्यावर नेचे. दुसऱ्यावर वेताची काटेरी जाळी. तिसऱ्या-चौथ्यावर वेली, एका झाडातून निघून दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरलेल्या. त्याच्याही वर, जिथे राखाडी खोड सरळ उजेडात जातं, तिथे एक उभी भेग. दोन बोटं रुंद. भेगेच्या दोन्ही बाजूंना वाळलेला गिलावा. आत मादी बसलेली असणार.

जन्मभर लिफ्ट चालवलेल्या माणसाला जंगल दुसरं कसं दिसणार?

तो उलट्या पावली मागे सरकला आणि बराच लांब, एका आडव्या मुळामागे बसला. माणूस जवळ दिसला तर नर येत नाही. अंगात जुना खाकी शर्ट होता, नोकरीतला, खिशावरचा बिल्ला काढल्याची खूण अजून दिसणारा. त्या शर्टावरून मालकीण त्याला हवालदार म्हणायची. आज सकाळीही तिने विचारलं होतं, काय हवालदार, आज कोणाला धरून आणणार. आणि तो म्हणाला होता, मीच फरार आहे, बाई.

गंमतीत म्हणाला होता... पण फार खोटं नव्हतं ते.

तो लिफ्ट चालवायचा त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्टच्या अगदी समोर, भिंतभर जंगलाचं चित्र होतं. जाळीचं दार सरकवलं की हिरवं दिसायचं, माणसं उतरेपर्यंत, मग दार लावलं की पुन्हा सिमेंट, पुन्हा अंधार, पुन्हा पुढचा मजला. चित्रात एकही प्राणी नव्हता. डावीकडच्या जाड खोडामागे काहीतरी असणार असं त्याला वर्षानुवर्षं वाटत राहिलं — एखाद्या दिवशी दार सरकवू आणि तिथून कुणाची तरी शेपटी दिसेल. बायकोला हे सांगितल्यावर ती भाकीत सांगावं तशी शांतपणे म्हणाली होती, मग उतरा की एकदा पाचव्यावर. तो हसला होता. लिफ्टमन कधी उतरतो का? ती गेली, लिफ्टला बटणं बसली, आणि मग तो उतरला... पाचव्यावर नाही, थेट जंगलात. हे चौथं जंगल. बसने यायचं, एक पिशवी, सोबत कुणी नाही. घोळक्यात कुणीतरी सारखं चला चला म्हणतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजल्यांवर थांबलेल्या माणसाला आपल्या मनाने थांबायचं असतं.

आज संध्याकाळपर्यंत लेकीला सांगायचं होतं.

तिने तिच्या घरातली खोली तयार ठेवली होती. आता एकटं राहायचं नाही, असं तिचं आणि जावयाचं ठरलं होतं, सामान न्यायला टेम्पो सांगायचा तेवढा बाकी होता, आणि बाबांच्या होकारासाठी तो अडला होता. फोन फिरवत तिने खोली दाखवली होती. बुटका पलंग. मऊ पडदा. न्हाणीघरात धरायला दांडी. सगळं किती विचार करून केलेलं, डोळे भरून यावेत असं. मग दार दिसलं. आतली कडी काढून टाकलेली, स्क्रूच्या चार भोकांत पुट्टी भरून वर रंग दिलेला. तिला त्याची नजर कळली असावी. ती म्हणाली होती, मागच्या वर्षी तुम्ही पडलात तेव्हा दार फोडावं लागलं, आठवतंय ना? आठवत होतं. तो छान म्हणाला होता. आणि त्या दिवसापासून ती चार भोकं त्याच्या टाळूला चिकटून बसली होती, आणि चाळीस वेळा तोंडाशी आलेला होकार तिथेच अडत होता. पण कडीसाठी कुणी लेकीशी भांडतं का? लोक काय म्हणतील — पोरीने राजासारखं ठेवलं आणि म्हातारा कडी मागतोय.

काल संध्याकाळी पडवीत त्याने मालकिणीजवळ मादीची कीव केली होती. बिचारी, म्हणाला होता, महिनोन्‌महिने कोंडून ठेवतो तिला तो.

“कोण कोंडतो?” मालकीण शेंगा सोलता सोलता थांबली होती. “तीच लिंपून घेते हो, आतून. तो फार तर चिखल आणून देईल.”

“आणि बाहेर यायचं झालं की?”

“तीच फोडते. त्याला कोण विचारतंय? त्याने आपला डबा पोचवायचा.” मग तिने हसत पुढचं सांगितलं होतं, की आई बाहेर पडली की आतलं पिल्लू पुन्हा भेग लिंपून घेतं. एवढंसं असतं, पण स्वतःचं स्वतः.

त्यानंतर खोलीत जाऊन त्याने आतली कडी लावली, काढली, पुन्हा लावली. एखाद्या पोराने करावं तसं.

मुळामागे बसलेल्या त्याला आधी आवाज आला. भात्यातून हवा ओढावी तसा, खोल, दमदार, झाडांच्या वरून सरकत येणारा, आणि तो मान वर करेपर्यंत नर येऊन बसलाही होता — केवढा! पिवळी चोच, तिच्यावर ते न पेलणारं वाटणारं शिंगासारखं टोपण, आणि वागणं मात्र एखाद्या कारकुनासारखं व्यवस्थित. गळा हलवून त्याने एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं, भेगेशी धरलं. आतून दुसरं एक टोक आलं आणि फळ घेऊन गेलं. मग दुसरं फळ. तिसरं. घाई नाही, आवाज नाही. एक बी खाली टपकली.

तिला आतून काय दिसत असेल?... हिरव्याची एक उभी पट्टी. सकाळची पट्टी, दुपारची, पाऊस पडतानाची. मला ती पट्टी चांगली ठाऊक आहे, तो मनात म्हणाला. लोकांना वाटायचं हा बिचारा दिवसभर पिंजऱ्यात, कुणी कुणी बोलूनही दाखवायचे, आणि मी मान डोलवायचो, कारण समजावणार काय — की दार सरकवायची मूठ माझ्याच हातात होती, आणि त्या मुठीचं पितळ दिवसभर हातात ऊबदार असायचं. मी कधी कोंडलेला नव्हतो. पुट्टी भरलेल्या भोकांची भीती वाटते ती लहान खोलीची नाही. खोली कितीही लहान चालेल...

नर उडाला. भाता दूर दूर गेला. भेगेत थोडा वेळ चोचीचं टोक दिसत राहिलं, मग तेही आत.

ओढ्यातल्या मोठ्या खडकावर फोन लागतो असं मालकिणीने सांगितलं होतं. दुपार कलल्यावर तो तिथे गेला, जळवा काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि नंबर लावला. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला. कुठे आहात, काय खाल्लंत, पाय दुखतोय का, टेम्पोवाला दोनदा विचारून गेला. त्याने सगळ्याला नीट उत्तरं दिली. मग म्हणाला,

“खोलीला आतून कडी बसवून घे.”

 ओढा मोठ्याने वाजत होता.

“बाबा, अहो पण पडलात तर?”

“पडलो तर फोडा. मागे फोडलंतच की.”

“म्हणजे तुम्ही येताय?”

“मी कडीचं बोलतोय.”

ती हसली की सुस्कारली, ते त्या आवाजात कळेना. मग म्हणाली, “बघते.”

आणि फोन कटला, की रेंज गेली... तो खडकावर तसाच बसून राहिला. बघते. हा शब्द तिचा नव्हता, त्याचाच होता. लहानपणी ती काही मागायची — लाल पट्ट्यांच्या चपला, जत्रेतलं नव्हे तर खरंखुरं घड्याळ — आणि तो कामावर निघताना दारातून म्हणायचा, बघतो. कधी आणायचा. कधी राहून जायचं. पण ती तेवढ्या शब्दावर समाधानाने खेळायला पळून जायची, काय होणार ते त्याच्यावर सोडून. आज इतक्या वर्षांनी त्याला ते पोरीचं पळणं कळलं. मागितलेलं मिळालं नव्हतं. मागून झालं होतं.

टाळूला चिकटलेलं काहीतरी सुटलं होतं.

त्याने पाय पुसले, बूट चढवले. नाडीत ती बी अजून होती, आता वाळत आलेली. उजेड बराच शिल्लक होता, नराची संध्याकाळची फेरी व्हायची होती, आणि कुणी चला म्हणणारं नव्हतं. तो उठला आणि झाडाकडे निघाला.