बायनाबाईची समज

"चोर तुमचा चेअरमन हाय!" बायनाबाईनं गेलेल्या नवऱ्याचा लोखंडी पाना पंचायतीच्या टेबलावर आपटला. "धरणाचं पाणी कारखान्याच्या पाइपातून त्याच्या उसाला जातंय. आमी वॉल ढिल्ला करून घागरी भरल्या, तर आमी चोर?"

टेबलामागं साखर कारखान्याचे संचालक मोहनराव, शेजारी पोलीस जमादार. दारात बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. प्रत्येकीनं ते पाणी नेलेलं.

जमादारानं पेनाचं टोपण काढलं. "घेऊ का गुन्हा दाखल करून?"

मोहनरावांनी हातानं त्याला थांबवलं. केस झाली, तर बाई कोर्टातही हेच बोलणार. त्यांची नजर दारातल्या विशाखावर थांबली. बायनाबाईची लेक. औरंगाबादच्या विद्यापीठात मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्र शिकणारी, सकाळीच घाटनांदूरला रेल्वेतून उतरलेली.

"या की म्याडम. चोरांचंच शिकता न्हवं तुमी? सांगा मग, काय करायचं मातोश्रींचं?"

विशाखानं आईकडं पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त कोठडीचे गज होते. परीक्षेसाठी पाठ केलेलं तोंडात आलं.

"कृत्य करताना समज नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. वडील गेल्यापासून तिच्या मनावर परिणाम झालाय. त्यात हा दुष्काळ. ती काय करतेय, काय बोलतेय, तिला कळत नाही."

दारातल्या विमलबाईनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

मोहनराव हसले. मानेवरचं जू उतरावं तसे हसले. "आसं म्हणा की! म्हंजे चेअरमनसायबांवर बोलली तेबी येडाच्या भरात. पोटची लेक सांगती, समद्यांनी ऐकलं. जाऊ द्या जमादार, येड्या बाईवर कसली केस?"

टोपण परत लागलं. पाना मात्र त्यांनी ठेवून घेतला.

बाया पांगल्या. एकीनंही बायनाबाईला हाक मारली नाही.

मायलेकी वस्तीजवळ पोचल्या, तेव्हा कारखान्याचा कामगार सटवा मोटारसायकलवरून आधीच आला होता. बायनाबाईच्याच पान्यानं वॉलचा नट आवळत होता. कालपर्यंत तो तिला मावशी म्हणायचा.

"ए येडे, सरक तिकडं," तो म्हणाला. रागानं नव्हे, सहज. जसं काही हे नाव तिला जन्मापासूनच होतं.

वॉलमधून गळणारी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. खालचा चिखल तेवढा ओला राहिला.

"आई, केस तर टळली ना," विशाखा म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत राहिली.

"टळली की. चोर व्हते तवर बाया माझ्यामागं उभ्या व्हत्या." बायनाबाईनं रिकामी घागर लेकीच्या पायाशी ठेवली. "खाली कामून बघतीस? दोन-दोन विषय शिकलीस, माझ्याकडं बघून सांग. मला समज व्हती का न्हवती?"