चिमणीचे गोल

तिसरीच्या बाईंना चिठ्ठ्यांच्या पेटीचं खूळ मुळीच पटलं नव्हतं. "पोरांना काय विचारायचं? म्हणतील, गणित बंद करा नि दिवसभर खेळू द्या!" पण शाळेच्या मोठ्या बाईंचा हुकूम होता. कसं शिकवलेलं आवडेल, ते प्रत्येक मुलानं लिहायचं. मग काय, बुटाचं खोकं आणलं, भोक पाडलं, झालं!

बाईंचा वर्ग म्हणजे कसा, शिस्तीत. "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "होऽऽ बाई!" शेवटचं 'नाही' कोण म्हणालं होतं, ते बाईंना आठवतसुद्धा नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या. शेजारी त्यांनीच सही केलेलं पत्र होतं. चिमणीला आणखी एक वर्ष तिसरीतच ठेवावं, असं त्यात लिहिलेलं. ही पोरगी वर्गात तोंडातून अवाक्षर काढत नव्हती नि भागाकाराच्या पेपरात नुसते गोल काढत बसली होती. तिच्या आईला बोलावून सांगूनही झालं होतं. सुट्टी संपली की पत्र मोठ्या बाईंकडे जाणार होतं.

पहिली चिठ्ठी उघडली. 'भागाकार चिमणीसारखा शिकवा.' बाई हसल्या. दुसरी: 'आम्हाला चिमणीचे गोल समजतात. तुमचं समजत नाही. सॉरी.' तिसरी तशीच, चौथीही तशीच. पाचवी: 'दादा म्हणाला, बाईंना नाही म्हणू नकोस, नाहीतर सुट्टीतपण बसवून तेच परत सांगतात. मग चिमणी नळाजवळ शिकवते.'

अगं बाई! अक्षरावरून बाईंनी पोर ओळखलं; त्याचा दादाही त्यांच्याच वर्गात शिकलेला, नि आता कॉलेजात होता. म्हणजे इतकी वर्षं सगळी पोरं नुसती 'हो'ला 'हो' करत होती? बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

त्यांनी धडपडत कपाटातून चिमणीचा पेपर ओढला. बारा भागिले तीन. तीन गोल, प्रत्येकात चार ठिपके. वीस भागिले पाच. पाच गोल, प्रत्येकात चार ठिपके. दहाच्या दहा गणितं बरोबर! आणि वर लाल शाईत भलंमोठं शून्य, शेजारी स्वतःचाच शेरा: 'हा चित्रकलेचा तास नाही.'

बाकीच्या चिठ्ठ्या त्यांनी भराभर वाचल्या. तळाशी एकच उरली होती. अक्षर चिमणीचं. 'मी परत तिसरीत बसले तर नवीन मुलांना पण शिकवू का?'

घंटा झाली. पोरं आत आली नि आपापल्या बाकांवर बसली. बाईंनी पत्र टराटरा फाडलं.

"चिमणी चौथीत जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तिची गणितं बरोबर होती. तपासताना मी चुकले. समजलं का?"

"होऽऽ बाई!"

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून चिमणी उभी राहिली. फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"मला नाही समजलं, बाई. परत सांगा."

सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला. बाई चिमणीच्या बाकाजवळ गेल्या.

"मी चुकले गं, चिमणे," त्यांनी परत सांगितलं.