नळ्यांची आंघोळ

दिघोरीच्या वाटेवर कृष्णरावांची राईस मिल आहे. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला भुसा, आणि भुसा जळला की धूर. हा धूर कृष्णरावांच्या हिशेबात कधीच कुठल्या बाजूला लागला नव्हता. आवक नाही, जावक नाही. त्यांच्या मुलानं, मनिषनं, तो पहिल्यांदा हिशेबात धरला आणि घरातली शांतता खर्ची पडली.

मनिष नागपूरच्या एका संशोधन संस्थेत होता. त्यानं चिमणीशेजारी एक पेटी बसवली. आत बोटाएवढ्या जाड पांढऱ्या नळ्या, त्यांच्या अंगावर झिओलाइट या खनिजाचा पातळ थर, आणि थराला डोळ्यांना न दिसणारी भोकं. गाळून, वाळवून आणलेला धूर नळ्यांवरून सोडला की त्यातला कार्बन डायऑक्साइड भोकांतून आत निघून येतो, बाकीची हवा बाहेरच्या बाहेर जाते. कृष्णराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आम्ही तांदूळ चाळतो, पोरगा धूर चाळतो. आमच्या चाळणीखाली निदान कणी तरी पडते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे अनुप साहेब चाचणीला येणार होते. जमलं तर पूर्ण बॉयलरवर यंत्र बसणार. नाही जमलं तर पेटी उचलायची, काम बंद, आणि मनिषनं नोकरी सोडून मिलच्या गादीवर बसायचं, असं बापलेकात ठरलं होतं. कृष्णरावांना मुलगा गादीवर हवा होता, पण हरून आलेला नको होता. एवढ्या व्यवहारी माणसाला हे दोन्ही एकदम मिळत नाही हे कोण सांगणार?

दसऱ्याच्या सकाळी मनिषनं नळ्या काढून तपासल्या, फडक्यावर मांडल्या, आणि झिजलेल्या रबरी रिंगांच्या जागी नव्या आणायला साकोलीला गेला. मिलमध्ये त्या दिवशी यंत्रं धुऊन पुजतात. मोटर, काटा, ट्रॅक्टर, कोणी सुटत नाही. निर्मलाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, सगळ्यांना मान दिला आणि शेवटी लेकाच्या नळ्यांकडे आल्या. त्यांवर करडी धूळ होती. पोटच्या पोराचं यंत्र पारोसं ठेवायचं का? त्यांनी बादली भरून घेतली, एकेक नळी घासली, पदरानं पुसली, हळदकुंकू लावलं, आणि पेटीला झेंडूचा हार घातला.

मनिष परतला तो हार बघून हसलाच. मग त्यानं एक नळी उचलली, आणि ती जड लागली.

हे खनिज पाण्याचं भुकेलं. पाणी मिळालं की भोकं त्यानंच भरतात, गॅसला वाट उरत नाही. मंद आचेवर सावकाश वाळवलं तर पाणी निघतं; सावकाश म्हणजे दोन दिवस. त्यानं साहेबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. सणाला साहेबही घरचे असतात. शेवटी त्यानं नळ्या धानाच्या ड्रायरमध्ये ठेवल्या आणि आच वाढवली. घाईनं तापवलं तर थर तडकतो हे त्याला पाठ होतं. पण पाठ असून काय, वेळ कुठून आणायचा? सूर्य कलताना आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला. मनिष ड्रायरचं दार न उघडता तिथंच बसून राहिला.

सकाळी साहेब आले, यंत्र चाललं. नळ्यांच्या आत जी हवा, तीच बाहेर. साहेबांनी नळी उन्हात धरली, चिरा पाहिल्या, मग कुंकू पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं?

"मीच धुतल्या," मनिष म्हणाला.

पाणी लागू देऊ नका असं ज्यानं स्वतः लिहून दिलं, त्यानंच धुतल्या? साहेबांचा चेहरा आक्रसला. एवढ्यात निर्मलाबाई चिवड्याची बशी घेऊन आल्या. श्रेय भलत्याच्या नावावर जाताना त्यांना बघवेना.

"त्याच्यानं काय धुणं होते साहेब? सोताचा डबा धुत नाही तो. मीनं धुतलं, एकेक नळी."

आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

साहेबांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाले, दोष बाईंचा नाही. पण जे यंत्र एका सणाला टिकत नाही, ते मिलमध्ये बसवता येत नाही. पेटी उद्या उचलू.

कृष्णराव मधे पडले. आयुष्यात कोणापुढं न वाकलेला माणूस साहेबांच्या गाडीच्या दाराला हात लावून म्हणाला, "एक हंगाम द्या जी. मी सोता राखण करतो."

साहेबांनी त्यांचा हात हळूच दारावरून काढला आणि गाडी गेली.

"काहून गेले गा?" निर्मलाबाईंनी विचारलं. "माह्यानं काही बिघडलं का?"

"नाही माय. धूरच ओला होता."

लेकाचं खोटं त्यांना लहानपणापासून ओळखू येई. त्यांनी बशी खाली ठेवली, सगळ्या नळ्या ओटीत घेतल्या, आणि धान वाळवायच्या ओट्यावर उन्हात ओळीनं मांडल्या. मग बाजूला बसून एकेक नळी उलटीपालटी करत राहिल्या. मनिष गादीवरून बघत होता. उठून त्यांना थांबवायला हवं होतं, पण त्याच्यानं उठवेना.