पाकट, बगळा आणि ताईचा पाय

काम्पोटच्या खाडीत तिसऱ्यांचे शिंपले वेचताना आम्ही पाय उचलत नाही, घासत नेतो. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, चिखलात पसरून पडलेलं असतं, घासण्याची चाहूल लागली की मुकाट सरकतं. शेजारीच बगळा मात्र काडीसारखे पाय उचलून डौलात फिरतो.

वीस वर्षं पाय घासलेल्या चान्थूताईने आज परतताना पाय उचलला आणि पाकटाने काटा मारला.

घरी विषाची कळ शमावी म्हणून तिच्या पायावर गरम पाणी ओतताना मी चिडलेच. "बगळा समजतेस काय स्वतःला? लहान का आहेस?"

"दोनच पावलं टाकली गं," ती डोळे मिटून म्हणाली. "पण किती हलकं वाटलं."

मी पाणी ओतत राहिले. दिवसभर घासून माझेही पाय ठणकत होते.