ठशाची भेग

सस्क्वेहॅना नदीकाठच्या त्या लहानशा संग्रहालयात चांदीची दोन पदकं शंभर वर्षं जावाजावांसारखी शेजारी नांदत होती. दोन्ही एकाच ठशाची. एक अस्सल, इंग्रज राजाच्या अमदानीत तहाच्या दिवशी लेनापी या आदिवासी जमातीच्या सरदाराच्या गळ्यात पडलेलं. दुसरं पुढे कितीतरी वर्षांनी त्याच ठशातून पुन्हा पाडलेलं. अस्सल आज घरी निघालं होतं. त्याला न्यायला सरदाराच्या वंशातली लोरेन केचम आणि तिचा धाकटा भाऊ ड्युएन ओक्लाहोमाहून दोन दिवस गाडी हाकत आले होते.

संग्रहालयाच्या विल्मा होस्टेटरने पांढरे हातमोजे घालून कडीवालं पदक त्यांच्यापुढे ठेवलं. कडी आहे म्हणजे गळ्यातलं, गळ्यातलं म्हणजे अस्सल. पदकं सांभाळताना तीस वर्षं ती हेच धरून चालली होती. लोरेनने डोळे मिटले आणि आपल्या भाषेत त्यातल्या सरदार आजोबांशी पोटभर बोलून घेतलं.

पावतीवर वर्णन लिहायला विल्माने भिंग धरलं, आणि लेखणी खाली ठेवली. राजाच्या नावातून कडेपर्यंत केसासारखी बारीक, उठावाची रेघ गेली होती. ठसा तडकला की भेगेत चांदी शिरते आणि पदकावर अशी रेघ उमटते. तिने लगबगीने दुसरं, झिजलेलं पदक पाहिलं. काठाच्या आडोशाला अक्षरं शाबूत; रेघेचा मागमूस नाही. तडकलेला ठसा पुन्हा सांधत नाही. म्हणजे बिनरेघेचं हेच आधीचं. माथ्यावर कडी तुटल्याचा व्रणही होता. रेघवाल्याला कडी मागाहून कुणी हौसेने डकवली असणार.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? लोरेनचे डोळे अजून ओले होते.

"लोरेनबाई," विल्मा म्हणाली, "चुकलं माझं. तुमचं पदक हे आहे."

तिने भिंग पुढे केलं, रेघ दाखवली, सगळं सांगितलं.

"तरीच!" लोरेन एकदम म्हणाली. "मी इतकी बोलले, तर आजोबा हूं की चूं करेनात."

"ताई, तुझ्यापुढे कुणाला बोलायला मिळालंय?" ड्युएन म्हणाला.

"तू गाडी पूस जा."

विल्माला हसू फुटलं. लोरेन झिजलेल्या पदकाकडे बघत राहिली.

"बाई, तुम्ही बोलला नसता, तर आम्ही परक्याला घरी नेऊन ओवाळलं असतं, आणि हा इथेच वाट बघत बसला असता. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? रागावला नाहीत, हेच माझ्यावर उपकार," विल्मा म्हणाली.

"ते पांढरे हातमोजे काढा आधी," लोरेन म्हणाली. "आमच्यात निरोप उघड्या हाताने देतात."

तीस वर्षांत विल्माने त्या पदकाला उघडा हात लावला नव्हता. लोरेनने ते तिच्या तळव्यात ठेवलं, वर आपला सुरकुतलेला हात झाकला. चांदी हळूहळू ऊबदार झाली. मग विल्माने ते दोन्ही हातांनी, माहेरवाशिणीची पाठवणी करावी तसं, लोरेनच्या ओंजळीत दिलं.