सामाईक कढई

पुसेगावच्या शिवारात हळद शिजत होती. कढई सामाईक, म्हणून जळबा आणि तांड्यावरचा देवला एकाच चुलाणापाशी बसलेले. पण दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणापायी नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. जे काय बोलायचं ते जळबाची बायको लक्ष्मीबाई हिच्यामार्फत. निरोप देऊन देऊन तिची जीभ झिजली होती. त्यात आज मोबाइलवर युक्रेनची लढाई लागली.

"सांग त्याला," जळबा म्हणाला, "दुसऱ्याच्या रानात घुसला तो रशियाच चोर."

"वैनी, सांगा त्यायला," तीन हातांवरून देवला म्हणाला, "शेजार सोडून लांबच्यांशी सोयरीक काहून केली युक्रेननं?"

"लई झालं तुमचं," म्हणत लक्ष्मीबाईनं कढईवरचं गोणपाट उचललं. अशी पिवळसर वाफ उठली की माणसं, बाभळी, धुरा, सगळं तिच्यात विरघळून गेलं. रान कसं हद्दीविना, ऊबदार झालं.

"मरून राहिले ते लेकरंच," वाफेतून देवलाचा आवाज आला.

"व्हय रे देवला," जळबा बोलून गेला.

वाफ विरळ व्हायला लागली, तशी लक्ष्मीबाईनं घाईघाईनं चुलाणात कपाशीच्या आणखी पळाट्या सारल्या.