कमी व्होल्टेजची धून

खोटं कशाला बोलू? चूक माझीच. पण त्या अंकितला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

म्हसावदला आमचा बँड आहे. अब्बांनी काढला, आता मी चालवतो. शकील मास्तर म्हणतात मला, क्लॅरिनेट वाजवतो. आमची एक धून आसपासच्या गावांत सगळ्यांच्या ओळखीची. पोरगी सासरी निघाली की ती, आणि पिकलं पान गळालं की तीच. ऐकताना दगडाचे डोळेही भरून यायचे. लोक तिला 'शेठनी धून' म्हणतात, कारण ती प्रेमचंद शेठच्या ओट्यावरून आमच्याकडे आली.

शेठ मूळचे राजस्थानातले, कापडाचे दुकानदार, पण बोलणं आमच्यासारखंच अहिराणी. तरुणपणी त्यांनी मुंबईहून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि सोबत एक परदेशी रेकॉर्ड. शंभरेक वादकांनी मिळून वाजवलेला मार्च, फौजेच्या पावलांवर बांधलेला. रोज संध्याकाळी शेठ तो ओट्यावर लावायचे. अब्बा पायरीवर बसून एकेक सूर क्लॅरिनेटवर उतरवून घ्यायचे.

गेल्या साली शेठ अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तर माझा हात सोडेनात. म्हणाले, "शकील, माले तीच धूनवर ली जाजो."

त्यांच्या अंत्ययात्रेला तीच वाजवीन, असा मी शब्द दिला. माझा दिला, आणि अब्बा हयात नाहीत म्हणून त्यांचाही दिला.

दिवाळीला त्यांचा नातू अंकित सुरतहून आला. ओट्यावर मला बसवून त्याने मोबाइल पुढे केला. "चाचा, तुमच्या धूनचं मूळ रेकॉर्डिंग सापडलं. ऐका."

या अल्ला! घोडं उधळावं तशी ती धून सुटली. आम्ही पेटीच्या पांढरी एक पट्टीत वाजवतो, ही पांढरी दोनमध्ये, म्हणजे आख्खा एक सूर वर. पोराने लगेच मोबाइलवर मोजून दाखवलं, मिनिटाला एकशे वीस ठोके. मग माझ्याकडून वाजवून घेतलं, आमचे भरले एकशे सात. आणि भाव? जिंकून घरी निघालेल्या फौजेचा उल्हास नुसता. रडण्याचा मागमूस नाही.

मला तिथेच उमगलं. त्या काळी संध्याकाळी शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावाचं व्होल्टेज पडायचं. बल्ब लाल व्हायचे, पंखे रेंगाळायचे. शेठची रेकॉर्डही रेंगाळायची, आणि रेकॉर्ड हळू फिरली की सूरही खाली उतरतो. अब्बांनी कानावर आलं तेच उतरवलं.

मूर्खासारखं मी हे अंकितला सांगितलं. तो खो खो हसला. "म्हणजे पन्नास वर्षं तुम्ही लाइटीची चूक वाजवताय, चाचा!"

माझ्या अब्बांना चूक म्हणाला, कालचं पोरगं! माझं डोकंच फिरलं. उठून यायचं, तर मी काय केलं? ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर घेतलं आणि बँडला तालमीला बसवलं. पांढरी दोन, ठोके एकशे वीस. दोन महिने रोज. जुनी चाल वाजवायला बंदी. आमचा ढोलवाला दोधू एकदा म्हणाला, "मास्तर, हाई आपली नही वाटस." मी त्याच्यावर ओरडलो, "गप ऱ्हाय! तुले काय समजस?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मीच.

पौषात शेठ गेले. दिवस मावळण्याच्या आत न्यायचं ठरलं. शेठाणी कंकुबाई ओट्यावर बसून होत्या. डोळे कोरडे, नजर माझ्या क्लॅरिनेटवर. मी मान हलवली आणि आम्ही सुरू केलं. एक ठोका चुकला नाही, एक सूर घसरला नाही. खांदेकऱ्यांची पावलं आपोआप उचलली गेली, तिरडी हिंदकळायला लागली. मागचे म्हातारे धापा टाकत पळत होते. गल्लीत कोणी रडेना, सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. अंकितने चालता चालता माझ्याकडे वळून अंगठा दाखवला. "परफेक्ट, चाचा!"

आणि माझी छाती फुगली. लाज वाटते सांगायला, पण फुगली.

आमच्याकडे बँड गावाच्या वेशीपर्यंतच जातो. तिथून शेठ पुढे गेले आणि आम्ही माघारी फिरलो. ओट्यासमोरून जाताना कंकुबाईंनी मला हाक मारली. त्या अजून तशाच बसल्या होत्या. बायका आत चला म्हणत होत्या, त्या उठत नव्हत्या.

"शकील, तू पहिलं ते लगीननं वाजाडं, ठीक शे," त्या म्हणाल्या. "आते त्यासनी धून कव्हय वाजाडशी?"

शेठची धून कधी वाजवणार म्हणून विचारत होत्या. शेठ तर केव्हाच पोहोचले असतील. निदान या माउलीला तरी ऐकवावी म्हणून मी तिथेच क्लॅरिनेट तोंडाला लावली. डोळे मिटून अब्बांना आठवलं आणि फुंक मारली. दोन महिन्यांच्या तालमीने बोटं पडली ती बरोब्बर पांढरी दोनवर. धून पुन्हा दौडत सुटली. थांबवली, परत धरली, परत तीच.

कंकुबाईंनी मान हलवली.

"हाई नही रे," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडायला लागल्या.